सुनंदाच्या आईची वाक्यं

ऑक्टोबर तापायला लागला की मला एका जागी बसवत नाही. गणपती जाऊन महिना होत आलेला असतो, पाऊस संपला म्हणावं तर संध्याकाळी उगाच एखादी सर येऊन जाते, आणि दुपारी खराडीच्या आमच्या ऑफिसच्या काचा इतक्या तापतात की हात लावला तर चटका बसावा. तरी मी काचेपाशी जाऊन उभी राहते. खाली फाटकाशी नव्या भरतीची रांग लागलेली असते. इस्त्रीचे शर्ट, छातीशी धरलेल्या फायली, आणि नव्या बुटांनी टाचा सोलल्यात हे नुसतं उभं राहण्यावरून कळतं. सगळ्यांचे ओठ हलत असतात. आवाज इतक्या वर येत नाही, पण काय चाललंय ते मला ठाऊक असतं. पाठ केलेली इंग्रजी वाक्यं शेवटची एकदा तोंडात घोळवून बघणं चाललेलं असतं. माझा चहा निवतो. मी जागेवर येते, दोन मेल वाचते, पुन्हा उठते. शेजारच्या टेबलावरची ऋतुजा, वय वर्षं चोवीस, एकदा म्हणाली, "मॅम, तुमचाच इंटरव्ह्यू असल्यासारख्या का फिरताय?"

"माझा झालाय," मी म्हटलं. "निकाल कळायचाय अजून."

ती हसली. तिला वाटलं, मी विनोद केला.

मी दारव्ह्याची. यवतमाळ जिल्ह्यातलं दारव्हा. पुण्यात हे दोनदा सांगावं लागतं, आणि दुसऱ्यांदा सांगितलं की समोरचा "म्हणजे नागपूरकडे ना?" असं म्हणून विषय संपवतो. बी. एस्सी. झाले आणि पुण्याला आले, कारण तेव्हा आमच्याकडच्या दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी पुण्याला निघालेलं होतं. कॉम्प्युटरच्या नोकऱ्या निघाल्यात, इंग्रजी बोलता आलं की घेतात, एवढीच बातमी गावापर्यंत पोचली होती आणि तेवढी पुरेशी होती. गुलटेकडीला मार्केट यार्डाच्या मागे, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही मुली कॉट बेसिसवर राहायचो. कॉट बेसिस म्हणजे खाट आपली, खाटेखालची पेटी आपली, बाकी हवा सगळ्यांची. त्या हवेत सकाळी कांदा असायचा, दुपारी सुक्या मिरचीचा ठसका आणि संध्याकाळी गूळ. शेजारच्या खाटेवर सुनंदा होती, वाशिमची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काय वं, जेवली का?" आणि मला रडूच आलं. पुण्यात येऊन आठ दिवस झाले होते आणि तोवर मला सगळे 'आपण' म्हणत होते.

माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून. दर रविवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी घरी फोन करायची. "बघ बेटा," ते म्हणायचे, "दिवाळीपर्यंत मी काही बोलत नाही. नोकरी लागली तर आनंदच आहे. नाही लागली तर दिग्रसचे लोक थांबलेत." दिग्रसचे लोक म्हणजे एक स्थळ होतं. मुलाचं कापडाचं दुकान होतं, माणसं चांगली होती म्हणे, आणि त्यांना माझा फोटो पसंत होता. वडील कधी ओरडले नाहीत. ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं. सुनंदाला हे सगळं माहीत होतं. तिच्या घरी अशी घाई नव्हती. "माय म्हणते, दोन वर्षं हात धुऊन मागं लाग, मंग पाहू," ती सांगायची. मला तिचा हेवा वाटायचा, आणि ती समोर पोळीला गूळ लावून देत असताना वाटायचा, म्हणून आणखी लाज वाटायची.

लेखी परीक्षा दोघींना जमायची. तोंड उघडायची वेळ आली की संपलं. म्हणून आम्ही नारायण पेठेत लिमये सरांच्या क्लासला जाऊ लागलो. सर शाळेतून निवृत्त झालेले, आणि क्लास एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची आणि वाक्यं ओरडून म्हणावी लागायची. आम्ही घरी परतायचो तेव्हा भुवयांवर पीठ असायचं.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर तीन चौकोन काढले. "पहिल्यात नाम. कोण, ते सांगा. दुसऱ्यात क्रियापद. काय केलं, ते सांगा. तिसऱ्यात उरलेलं काय असेल ते. इंग्रज घाईत असतो. कोण आणि काय केलं एवढं कळलं की तो छत्री उचलून निघतो. तुम्ही आपले काल संध्याकाळी मंडईत भाजी घेता घेता असं करत क्रियापदाशी पोचता, तोवर तो लंडनला पोचलेला असतो."

आम्ही हसलो, पण मला त्या रात्री त्या चौकोनांनी फार अस्वस्थ केलं. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. तोवर समोरच्याचा चेहरा बघता येतो, तो आक्रसला तर वाक्य वळवता येतं. 'मी ते पत्र' म्हणेपर्यंत मी ते पत्र लिहिलंही असतं आणि फाडलंही असतं, दोन्ही वाटा उघड्या. इंग्रजीत 'मी' म्हटलं की लगेच काय केलं ते देऊन टाकायचं. मागे फिरायला जागाच नाही. मी जन्मभर मागे फिरायला जागा ठेवून बोललेली मुलगी. वडिलांशी तर तशीच बोलायची.

सरांची एक अट होती. वाक्यं पुस्तकातली चालणार नाहीत. "तो राम आणि त्याचा आंबा मला नको. इतकी वर्षं रोज आंबा खाऊन त्याला मधुमेह झाला असेल. आपापल्या घरात कोण काय करतं, ते सांगा."

मी उभी राहिले. "माय फादर गोज टू ऑफिस."

"आणि?"

"माय फादर कम्स फ्रॉम ऑफिस."

"मधे काही करतात, का नुसतीच येजा?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण वडील मधे काय करतात हे मला खरोखरच माहीत नव्हतं. वीस-एकवीस वर्षं एका घरात राहून मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

मग सुनंदा उठली. हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणतात तशी. खाली गिरणी चालू होती म्हणून ती ओरडून म्हणाली, "माय मदर रिपेअर्स स्टोव्ह्ज. पीपल ब्रिंग माय मदर देअर स्टोव्ह्ज. माय मदर मेक्स ओल्ड स्टोव्ह्ज न्यू."

सरांनी खडू खाली ठेवला. "तीन वाक्यं, तीन साचे," ते म्हणाले. "बसा. यापुढे कुणी आंबा खाल्ला तर त्याला यांच्या मातोश्रींकडे पाठवीन."

सुनंदाच्या वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा वाशिमच्या बाजारात त्यांचं स्टोव्ह दुरुस्तीचं बारकं दुकान होतं. दुकान बंद दिसू नये एवढ्यासाठी तिची आई तिथं जाऊन बसायला लागली. गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री कुठं गेले?" ती म्हणायची, "येतेत." असं महिनाभर चाललं. मग एक दिवस तिनं एक बिघडलेला स्टोव्ह उघडला, परत लावला, परत उघडला. पंपाचं चामडी वायसर खोबरेल तेलात भिजवायचं, बर्नरच्या छिद्रात पिन कशी फिरवायची, ज्योत पिवळी का येते आणि निळी केव्हा होते, हे ती एकटीच शिकली. त्यानंतर "मिस्त्री कुठं गेले?" असं विचारलं की ती म्हणायची, "मीच." तिच्या हातांचा रॉकेलचा वास लग्नकार्यातही जायचा नाही, असं सुनंदा सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा असा उजळायचा की आपल्या आईबद्दल कधी असा चेहरा करून आपण कुणाला सांगितलं नाही, हे मला टोचायचं. माझी आई घरी असायची. एवढंच मी तिच्याबद्दल म्हणत असे.

शनिवारी सर वह्या बदलायला लावायचे. जोडीदाराची वाक्यं आपण म्हणायची, आपली जोडीदारानं. "स्वतःचं सांगताना तुमची जीभ लाजते," ते म्हणायचे. "दुसऱ्याचं सांगताना लाजायचं कारणच नाही. पण 'तिची आई' म्हणायचं नाही. 'माझी आई' म्हणा. 'तिची' म्हटलं की चहाडी होते." माझी जोडीदार अर्थातच सुनंदा. आणि सरांचं खरं निघालं. ओशाळेपणा गळून गेला. नारायण पेठेतून गुलटेकडीला आम्ही चालत यायचो, आणि बाजीराव रस्त्यानं ती मोठमोठ्यानं माझे वडील म्हणायची, मी तिची आई म्हणायची. लोक वळून बघायचे. "तुह्या बापाबद्दल तुह्यापेक्षा मीच चांगलं बोलते," ती चिडवायची. खरंच बोलायची. आणि तिची आई माझ्या तोंडात इतकी बसली होती की कपडे धुतानाही तीच वाक्यं चालू असायची. पिन, बर्नर, निळी ज्योत. मी तो स्टोव्ह कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

दिवाळीला तीन आठवडे उरले असताना हिंजवडीच्या एका कंपनीच्या लेखी परीक्षेत आम्ही दोघी पास झालो. तेव्हा हिंजवडीत इमारती कमी आणि शेतं जास्त होती. बसमधून उतरून ज्वारीच्या कडेनं चालत गेलो. धुळीनं चपला माखल्या म्हणून फाटकाबाहेर बसून ओढणीनं पुसल्या. माझा नंबर आधी होता, लगेच तिचा.

आत तिघं होते. मधले राव सर. त्यांनी विचारलं, स्वतःबद्दल नको, घरातल्या एका माणसाबद्दल सांगा, तो माणूस काय काम करतो ते सांगा.

"माय फादर गोज टू ऑफिस," मी म्हटलं. "माय फादर कम्स..." आणि थांबले. मधे काय करतात? तिघं वाट बघत होते. एसीचा गार झोत मानेवर येत होता. डोळ्यांपुढे दिग्रसचं कापडाचं दुकान आलं, मी कधी न पाहिलेलं. आणि तोंडातून निघालं, "माय मदर रिपेअर्स स्टोव्ह्ज."

हे वाक्य माझ्या हातात नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. कुठल्याही शनिवारी निघावं तसं ते निघालं. पण त्याच्या पुढचं माझ्या हातात होतं. सॉरी सर, चुकलं, असं म्हणता आलं असतं. मी बघितलं, तर राव सर खुर्चीत पुढे सरकले होते. मग मी पुढचं वाक्य म्हटलं, आणि त्याच्या पुढचं. त्यांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. हाताला वास येतो का? येतो, सर, लग्नातसुद्धा. फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता, आईचा नव्हता, म्हणून मला कुणी पकडलं नाही. पाच मिनिटांत मी माझी आई पुसून टाकली आणि मैत्रिणीची आई तिथं उभी केली, आणि ते करताना मला इंग्रजी बोलण्याचा आनंद होत होता. हे सगळ्यात वाईट.

बाहेर आले तर दारातच सुनंदा. "काय विचारलं वं?"

'तुझ्या आईचं सांगू नकोस, मी सांगितलंय.' एवढंच म्हणायचं होतं. पाच-सहा शब्द. मी फाइल नीट करत होते. "घरच्याबद्दल," मी म्हटलं. "सोपं आहे."

ती आत गेली. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. चार मिनिटांत ती बाहेर आली.

संध्याकाळी काचेवर नावं लागली. माझं होतं. सुनंदानं माझा हात दाबला आणि म्हणाली, "लागली वं तू. बापाले फोन कर." मी बूथमध्ये फोन करत होते, वडील पलीकडे चक्क हसत होते, आणि काचेबाहेर ती माझी फाइल धरून उभी होती. "माही जीभ अडकली," एवढंच तिनं नंतर सांगितलं. आठ दिवसांनी दिवाळीसाठी वाशिमला गेली आणि परतली नाही. पुणं मानवत नाही, असं तिचं कार्ड आलं. मी ते कार्ड चार वेळा वाचलं, त्यात काही लपलंय का ते बघायला. काही लपलेलं नव्हतं.

तेव्हापासून हा ऋतू मला असा हिंडवतो.  घर घेतलं, लग्न केलं, माझ्या पसंतीनं केलं, मुलगा झाला, कंपनी हिंजवडीतून खराडीला आली, आणि दर ऑक्टोबरात मी काचेपाशी. सुनंदा गावात कॉम्प्युटर क्लास चालवते. दिवाळीला आम्ही एकमेकींना शुभेच्छा पाठवतो, खाली दोन पणत्यांचं चित्र. कधी तिचा फोन आलाच तर मी आधी तिच्या मुलांचं विचारते, मग पावसाचं, मग घाईत असते.

राव सर मात्र समोरच होते. मी त्यांच्या हाताखाली कधी नव्हते, पण लिफ्टमध्ये भेटले की ते न चुकता विचारायचे, मदर कशा आहेत? मी म्हणायची, ठीक आहेत, सर. मग माझी आई गेली. रजेवरून परतले तेव्हा ते माझ्या टेबलापाशी आले, दोन्ही हात जोडले, आणि म्हणाले की अशा बाईला जन्म देणारी माती वेगळीच असते, तुझ्या आईनं त्या काळात बाजारात बसून ते काम केलं. मी ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, त्यांच्या शब्दांनी. माझी आई, घरी असणारी, जिनं बाजारात कधी काही केलं नव्हतं, तिच्यासाठी त्या ऑफिसात कुणी एक शब्द बोललं नाही, कारण ती तिथं कधी नव्हतीच.

यंदा राव सर निवृत्त झाले. याच महिन्यात. दुपारच्या जेवणाला कँटीनमध्ये आम्हाला पेढे वाटत फिरले आणि माझ्यासमोर येऊन बसले. त्यांना मराठी कळतं, बोलतात इंग्रजीच. म्हणाले, इतक्या मुलाखती घेतल्या, पण तुझ्या आईसारखी आई दुसरी ऐकली नाही. ती इतकी प्रसिद्ध होती की तुझ्यामागून आलेल्या मुलीनंसुद्धा तीच पाठ केली होती.

माझ्यामागून सुनंदाच आत गेली होती.

ते हसत सांगत होते. त्या मुलीनं स्टोव्हचं दुसरं वाक्य म्हटलं तसं त्यांनी तिला थांबवलं. विचारलं, हे आत्ताच ऐकलं. ही नक्की आई कुणाची? तिनं टेबलाकडे बघितलं. मग म्हणाली, "हर मदर, सर. आय लर्न्ड इट फ्रॉम हर." सर म्हणाले, बरं, मग तुझ्या आईबद्दल सांग. ती काय करते? ती म्हणाली, "माय मदर डझ नथिंग, सर."

सर पेढ्यांचा डबा बंद करत होते. मी म्हटलं, "सर, ती तिचीच आई होती."

त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला. मग हळूच विचारलं, मग इतकी वर्षं मी विचारायचो आणि तू ठीक आहेत म्हणायचीस, ते कुणाबद्दल?

 मी ताट तसंच ठेवून उठले, जिन्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि सुनंदाला फोन लावला.

"बोल वं," ती म्हणाली. मागे टीव्ही चालू होता.

मी सगळं सांगितलं, राव सर आत्ता काय बोलले तेही. मागे फिरायला जागा न ठेवता, पहिल्यांदाच. मी तुझी आई चोरली, दारात तुला सांगू शकले असते, सांगितलं नाही. तिनं मधे एकदाही अडवलं नाही.

"ते मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "दारातच. तू माह्याकडे पाह्यलं नाही. मंग आत त्या सायबानं थांबवलं तवा पक्कं झालं."

"मग बोलली का नाहीस? नोकरी तुझी होती ती."

"तुह्यामागं दिग्रसवाले उभे होते. माह्यामागं कोण होतं?" ती हसल्यासारखं करून म्हणाली. "सोड आता. एवढ्या वर्षांनी रडू नको. मले काही कमी नाही."

मी रडतच होते. माफ कर, माफ कर, एवढंच येत होतं तोंडात. तिनं मला रडू दिलं. मग तिचा आवाज बदलला.

"एक सांग. त्या सायबाले अजून याद हाय?"

"काय?"

"मी मायबद्दल म्हटलं ते. शेवटचं."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दिवसाचं जे काही आहे, ते माझ्याकडे आहे. तिच्याकडे काय असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं. नाही म्हणता आलं असतं. त्यांना नुसता चेहरा आठवतो, असं सांगता आलं असतं. पण तिच्याशी आणखी एकदा खोटं बोलणं मला जमेना.

"हो," मी म्हटलं. "जसंच्या तसं."

 मागे एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "कोणाचा फोन हाय वं, सुनंदे?"

"कोणाचा नाही, पुण्याची मैत्रीण हाय," तिनं सांगितलं. मग फोन अगदी तोंडाशी धरून ती मला म्हणाली, "माय इथंच बसली हाय. हळू बोल."